मध्यांबराची एक ओळ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला तेव्हा साताऱ्यात पहिला दणकून पाऊस चालू होता आणि लाइट गेलेली होती. भाचा अंटार्क्टिकात आहे, आपल्या दोन तळांपैकी एकावर, हिवाळ्यात मागं राहणाऱ्या तुकडीत. औलीला बर्फात चालायचं प्रशिक्षण झालं, मग केप टाऊन, मग पुढचा प्रवास, आणि तेव्हापासून आम्ही त्याला फक्त फोनच्या चौकटीत पाहतोय. बहिणीनं तिचे नेहमीचे तीन प्रश्न विचारून घेतले. जेवलास का, थंडी किती आहे, झोप लागते का. मग फोन माझ्याकडं आला. त्याच्या दाढीत भर पडली होती आणि डोळे मात्र लहानपणी पतंग मिळाल्यावर व्हायचे तसे झाले होते. "मामा, एक दाखवायचंय," म्हणत त्यानं फोन एका स्क्रीनकडं वळवला. एक राखाडी गोल. कडेनं काळा, मधे तांदूळ सांडल्यासारख्या चांदण्या, आणि त्या सगळ्यावरून तिरक्या गेलेल्या फिकट पट्ट्या. पिळून झटकलेल्या धोतराला चुण्या राहतात तशा. मी बराच वेळ वाट पाहिली की आता काहीतरी होईल. मग म्हणालो, "एवढंच व्हय रे?"

तो क्षणभर थांबला. "हां मामा. एवढंच." आणि मग पावसाची चौकशी करून त्यानं फोन ठेवला.

तो 'हां' माझ्या कानातून जाईना. रागाचा असता तर मी दुसऱ्या दिवशी फोन करून समजूत काढली असती. तो रागाचा नव्हता. लहान पोरानं मुठीत धरून आणलेला बेडूक दाखवावा आणि मोठ्या माणसानं पेपरातून डोकं वर न काढता 'छान' म्हणावं, तेव्हा पोर जसं गुपचूप मूठ मिटून घेतं, तसा होता. दुसरं टोचत होतं ते असं, की मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. वातावरणाचे थर दर वर्षी फळ्यावर काढले. तळाशी तपांबर, तिथं ढग, वारा, पाऊस, सगळी गजबज. त्यावर स्थितांबर, तिथं ओझोन. मग मध्यांबर, आणि त्यावर आयनांबर. तपांबरावर मी आठवडाभर बोलायचो. मध्यांबराला माझ्याकडं एकच ओळ होती: 'अवकाशातून येणाऱ्या उल्का या थरात जळतात.' रिकाम्या जागा भरा म्हणून ती परीक्षेत यायची. हा भाचाही माझ्याच वर्गात होता, शाळेत 'सर' आणि घरी 'मामा' म्हणायचा. आणि त्यानं मला जे दाखवलं ते नेमकं त्या एका ओळीतल्या थराचं चित्र होतं, जमिनीपासून सुमारे ८७ किलोमीटर उंचीवरचं. पृथ्वीच्या तळटोकाशी बसून पोरगा मामाच्या फळ्यावरची रिकामी जागा भरत होता, आणि मामा म्हणाला, एवढंच.

मग मी शिकायला बसलो. त्याला दर रविवारी प्रश्न विचारू लागलो, मधल्या दिवसांत वाचत राहिलो. आधी कळलं ते हे, की रात्रीचं आकाश पुरतं काळं कधीच नसतं. चंद्र नाही, गावाचे दिवे नाहीत, तरी हवा स्वतः मंद चमकत असते. दिवसा सूर्य हवेतले रेणू फोडून ठेवतो आणि रात्रभर त्यांची जुळवाजुळव चालू राहते. त्यात जी ऊर्जा सुटते तिचा थोडा भाग उजेड म्हणून बाहेर पडतो. ८७ किलोमीटरच्या आसपास हायड्रॉक्सिलचा, म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अशा जोडीचा, असा आठेक किलोमीटर जाडीचा थर आहे. त्याचा बराचसा उजेड अवरक्त, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्याच्या थोडं वर सोडियमचा पिवळा, आणखी वर, ९६-९७ किलोमीटरला, ऑक्सिजनचा हिरवा. डोक्यावर एकावर एक पसरलेल्या या पातळ चादरी. खालून एखादी लाट येऊन त्यांतून गेली की हवा कुठं दाबली जाते आणि तापते, कुठं विरळ होते आणि गार पडते, आणि चमक त्याप्रमाणं कमीजास्त होते. पट्ट्या त्याच्या. सगळं आकाश एका गोलात घेणारं भिंग, थंड ठेवलेला संवेदक, आणि एकेका फोटोसाठी बराच वेळ उघडं ठेवलेलं तोंड, इतकं जमवलं की त्या दिसतात.

गंमत म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे पाहायला लोक लाखो रुपये खर्चून जातात, आणि या कामात तेच पडदे आडवे येतात. ते पेटले की मंद चमक त्यात बुडून जाते. चंद्र वर आला तरी रात्र गेली. म्हणून ध्रुवाकडचा लांबलचक अंधार इतका मोलाचा. भाच्याचं मूळ काम तळावरच्या यंत्रांच्या देखभालीचं. या कॅमेऱ्याकडं लक्ष ठेवणं हा त्यातलाच एक भाग. कॅमेरा आत उबेत असतो, वर पारदर्शक घुमट. घुमटावर बर्फाची भुकटी बसली की चित्र आंधळं होतं, म्हणून रात्रीतून दोनदा हा बाहेर जातो, मऊ ब्रशनं घुमट झाडतो आणि परत येतो. वादळात दोन इमारतींच्या मधे बांधलेला दोर धरून. हे त्यानं मला तिसऱ्या रविवारी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. बहिणीला आम्ही दोघांनी अजून सांगितलेलं नाही.

या लाटांना गुरुत्व लहरी म्हणतात. नावानं माझाही आधी घोटाळा झाला. हिंगोलीत औंढ्याजवळ ज्यांच्यासाठी वेधशाळा व्हायची आहे त्या गुरुत्वीय लहरी निराळ्या. त्या कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच बसणाऱ्या धक्क्याच्या. या आपल्या हवेतल्या आहेत, आणि त्यांचं तत्त्व मला कृष्णेनं लहानपणीच शिकवलं होतं, फक्त मी ते कधी जोडलं नव्हतं. माहुलीच्या घाटावर आम्ही पोहायला शिकलो ते पाठीला वाळका भोपळा बांधून. भोपळा पाण्याखाली दाबून सोडला की तो उसळून वर यायचा, जरा जास्तच वर, मग खाली, मग पुन्हा वर. हवेचा एखादा लोट डोंगरानं किंवा ढगानं वर ढकलला की तसंच होतं. वर गेल्यावर तो भोवतालच्या हवेपेक्षा गार आणि जड होतो, गुरुत्व त्याला खाली ओढतं. येताना तो आपली जागा ओलांडून आणखी खाली जातो, तिथं हलका ठरतो, पुन्हा वर येतो. एका हेलकाव्याला निदान पाच-दहा मिनिटं. लाट मात्र तिथंच थांबत नाही. ती बाजूला आणि वर सरकत जाते. माहुलीलाच संगमाच्या खाली पाण्यात बुडालेला एक मोठा धोंडा होता. त्याच्या पुढं पाण्यावर तीन-चार वळ्या कायम उभ्या असायच्या. पाणी वाहून जायचं, वळ्या जागच्या हलायच्या नाहीत. मी त्यांच्यावर पानं सोडायचो. पान चढायचं, उतरायचं, चढायचं, उतरायचं, आणि निघून जायचं, वळी तिथंच. डोंगरावरून वाहणाऱ्या हवेतही अशा वळ्या उभ्या राहतात, आणि धोंडा पाण्याखाली असतो तसा डोंगर त्यांच्या तळाशी असतो.

पण खरं कोडं पुढं होतं. जमिनीजवळची ही लहानशी हालचाल ऐंशी किलोमीटर वर पोचेपर्यंत विरून कशी जात नाही? उलट वाढते, म्हणाला भाचा. मला ते पटेना. मग एका मंगळवारी आमच्या गल्लीत पोतराज आला. हल्ली क्वचित येतात. ढोलकं वाजलं, बाई डोक्यावर मरीआईचा गाडा घेऊन थांबली, आणि त्यानं आसूड फिरवला. मी गॅलरीतून पाहत होतो. मुठीपाशी आसूड मनगटाएवढा जाड, आणि तिथं त्याचा हात जेमतेम हलला. ती हालचाल दोरातून पुढं धावली, दोर निमुळता होत गेला, आणि टोकाशी, जिथं फक्त सुताचा एक झुपका उरतो, तिथं कडाडला. मी आत येऊन वहीत लिहिलं. हवाही अशीच वर निमुळती होत जाते. दर सोळा किलोमीटरला दाब साधारण दहावा हिस्सा उरतो. ऐंशी किलोमीटरवर तो जमिनीवरच्या लाखाव्या भागावर आलेला असतो. लाटेनं आणलेली ऊर्जा तेवढीच, वाहून नेणारी हवा लाखपट कमी, म्हणून हेलकावा वाढत जातो. वाटेत काहीच गळालं नाही तर सुमारे तीनशे पट. खाली मीटरभर हललेली हवा वर शेकडो मीटर हलू पाहते. आणि मग एका उंचीवर तिला स्वतःला पेलवत नाही, ती किनाऱ्यावरच्या लाटेसारखी फुटते. आसूड कडाडतो तो तिथं. पट्ट्यांच्या मधे कधीकधी केसासारख्या बारीक आडव्या रेघा उमटतात. लाट मोडायला लागल्याची ती खूण असते.

फुटलेली लाट आपला जोर तिथल्या वाऱ्याला देऊन टाकते, आणि इथून पुढचं वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. ध्रुवावर उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. चोवीस तास ऊन. तरी पृथ्वीच्या वातावरणातली सर्वांत थंड जागा तीच: उन्हाळ्यातल्या ध्रुवावरचा मध्यांबराचा माथा, उणे १३० अंशांच्याही खाली. त्याच जागी हिवाळ्याच्या अखंड अंधारात ऊब जास्त असते. कारण या लाटा. त्या फुटतात, वाऱ्याला रेटतात, आणि त्या रेट्यानं उन्हाळ्याच्या ध्रुवावरची हवा वर चढून हिवाळ्याच्या ध्रुवाकडं वाहते आणि तिथं खाली उतरते. वर चढणारी हवा पसरते आणि गार पडते, उतरणारी दाबली जाऊन तापते. उन्हाळा-हिवाळा सूर्यच ठरवतो असं मी एकतीस वर्षं छातीठोकपणे सांगितलं. खालच्या थरांपुरतं ते खरं आहे. तिथं वर सूर्याला या लाटांनी मागं सारलं आहे.

त्या कमालीच्या थंडीत, ८३ किलोमीटरवर, जवळपास कोरड्या हवेतही बर्फाचे सूक्ष्म कण धरतात आणि निळसर रुपेरी ढग होतात. जमिनीवर रात्र पडली तरी उंचीमुळं त्यांच्यावर सूर्य पडत असतो, म्हणून ते निशादीप्त. त्यांची पहिली नोंद १८८५ सालची, क्राकाटोआ ज्वालामुखीच्या स्फोटानंतर दोन वर्षांची, जेव्हा लोक संध्याकाळच्या आकाशाकडं फार लक्ष देऊन पाहू लागले होते. या ढगांवर लाटा अशा स्पष्ट उमटतात की ओल्या वाळूवर पाणी फिरून गेल्यासारखं वाटतं. २०१८ च्या जुलैमध्ये नासाचा एक फुगा स्वीडनमधल्या एसरेंजहून सुटला आणि पाच दिवस उत्तर ध्रुवाच्या बाजूनं तरंगत कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात गेला. त्यावरच्या कॅमेऱ्यांनी या ढगांचे ६० लाख फोटो काढले. साठ लाख! लाट उठते, तिच्या कडा वळतात, तिचे तुकडे होतात, असं सगळं. त्यांतले मोजके मी पाहिले आणि फोन हातात धरून बसलो. भाच्याच्या राखाडी गोलातल्या पट्ट्यांपेक्षा ते किती देखणे! तरी मला राहून राहून तो राखाडी गोलच आठवत होता.

माझ्या एका ओळीतल्या उल्काही वाया गेल्या नाहीत, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. उल्का जळून गेल्यावर कधीकधी मागं तेजाची रेघ काही वेळ टिकते. ती सरळ राहत नाही. काही मिनिटांत नागमोडी होते, एका उंचीवर इकडं ओढली जाते आणि थोडं वर उलट दिशेला. म्हणजे तिथं वारा थराथराला बदलतो. का बदलावा, याचं उत्तर कॅनडातल्या कॉलिन हाइन्स यांनी १९६० साली दिलं: खालून वर चढणाऱ्या गुरुत्व लहरी. आणि जळलेल्या उल्कांची जी अतिसूक्ष्म राख तिथं तरंगत राहते, तिच्यावर त्या निशादीप्त ढगांचे बर्फकण धरतात असं मानतात. मी उल्का जळतात म्हणून पूर्णविराम द्यायचो. गोष्ट तर तिथून सुरू होत होती. आता वाटतं, त्या ओळीपाशी एखाद्या पोरानं 'मग पुढं काय होतं, सर?' विचारलं असेल का? कोणी विचारल्याचं आठवत नाही. विचारलं असेल आणि तास संपत आला म्हणून मी पुढं गेलो असेन, हेही होऊ शकतं, आणि ते मला सहन होत नाही.

जुलैच्या शेवटी तीन दिवस पाऊस उघडला, तेव्हा यवतेश्वरच्या घाटात गेलो. खास पाहायलाच. पश्चिमेचा वारा कोकणातून सह्याद्रीवर चढतो, महाबळेश्वरला आपलं सगळं पाणी ओततो आणि साताऱ्याकडं उतरताना हलका झालेला असतो. माण-खटावला तर तो रिकाम्या हातानं पोचतो. त्या दिवशी कासच्या पठाराच्या कडेवरून ढग दुधासारखे उतू जात होते आणि उतारावर विरघळत होते. त्याच्या पुढं, मोकळ्या निळ्या आकाशात, अजिंक्यताऱ्याच्या दिशेनं, ढगांच्या तीन समांतर पट्ट्या. मी दगडावर बसून राहिलो. अंगावर चिरचिरणारं धुकं, ओल्या गवताचा वास, लांब चाळकेवाडीकडं पवनचक्क्यांची पाती. अर्धा तास झाला, वारा कानाला झोंबत होता, पट्ट्या जागच्या हलल्या नव्हत्या. माहुलीचा धोंडा आणि माहुलीच्या वळ्या.

त्या रविवारी मी भाच्याला विचारलं, ह्या आपल्या सह्याद्रीच्या लाटा वर तुझ्या उंचीला पोचतात का? तो म्हणाला, "नाही मामा, पावसाळ्यात तरी नाही." मला खरंच वाईट वाटलं. पावसाळ्यात आपल्याकडं खाली पश्चिमेचा वारा असतो आणि सहा-सात किलोमीटरच्या वर तो उलटून पूर्वेचा होतो. मधे जिथं वारा शून्यावर येतो तिथं डोंगराची उभी लाट अडते आणि जिरते. दक्षिणेकडच्या हिवाळ्यात तसं नाही. तिथं ध्रुवाभोवती पश्चिमेचे वारे खालपासून मध्यांबरापर्यंत एकाच दिशेनं फिरत असतात. अँडीजच्या दक्षिण टोकावर आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या डोंगरांवर ते आदळले की लाटेला वर जायचा रस्ता मोकळा. पण मग त्यानंच धीर दिला. "वळवाचं जातं की वर." चैत्र-वैशाखात दुपारनंतर जो ढग कोबीच्या गड्ड्यासारखा भराभर वर चढतो, गारा घालून तासाभरात मोकळा होतो, तो आपल्या माथ्यावरची हवा खालून गदागदा हलवतो. त्या लाटा एका जागी उभ्या नसतात, सगळ्या दिशांना धावतात, आणि त्यांतल्या कितीतरी वरपर्यंत पोचतात. कोल्हापुरात विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून एका रडारनं ऐंशी ते शंभर किलोमीटरच्या दरम्यानचे वारे मोजले आहेत. म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मध्यांबराची विचारपूस आमच्यापासून जवळच चालू होती, आणि मी साताऱ्यात एक ओळ शिकवत होतो.

शेजारचे पेन्शनर विचारतात, हे सगळं पाहून उपयोग काय. मी त्यांना हवामानाच्या गणिताचं सांगतो: या लाटा इतक्या लहान की जगाच्या हवामानाची संगणकी मांडणी करताना त्या चौकटींतून निसटतात, त्यांचा परिणाम अंदाजानं घालावा लागतो, आणि तो अंदाज सुधारायचा तर कुणीतरी त्या प्रत्यक्ष पाहायला हव्यात. हे उत्तर खरं आहे. पण मी त्या पट्ट्या उपयोगासाठी पाहत नाही.

ऑगस्टच्या मध्यावर भाच्यानं मला एका रात्रीचे चाळीस फोटो पाठवले. मीच मागितले होते. मागताना म्हणालो, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं." तो म्हणाला, "कधी हो मामा?" त्याला आठवत होतं. आवाजावरून कळलं.

जेवणं झाल्यावर मी फोटो एकामागून एक बोटानं सरकवत बसलो. पट्ट्या उजव्या कडेनं आत शिरतात, चांदण्यांवरून हळूहळू पुढं जातात; दोन पट्ट्यांमधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे साताऱ्यापासून पार रहिमतपूरच्या आसपास. सत्ताविसाव्या फोटोत मधल्या पट्टीवर त्या केसासारख्या रेघा आल्या. तिसाव्यात ती पट्टी उरलीच नव्हती. मी परत पहिल्यापासून सुरू केलं. बहीण दुसऱ्या दिवसासाठी तांदूळ निवडत होती. "काय चाललंय मघापासून?" म्हणून ताट बाजूला ठेवून माझ्या खांद्यावरून वाकली. मी तिला सांगितलं, हे त्याच्या डोक्यावरचं आभाळ आहे, आणि ह्या पट्ट्या म्हणजे हवेतल्या लाटा.

"कुठून आल्यात?"

दक्षिणेच्या समुद्रावर वादळं होतात, त्यांतून असतील; बर्फाच्या डोंगरांवरून वारा वाहतो, त्यातून असतील. ते शोधायचं काम पुढं महिनोन् महिने चालतं, मी म्हणालो. तिनं चष्मा लावला. फोन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला, दिव्याची तिरीप पडू नये म्हणून पदराचा आडोसा केला.

"तू किती मोजल्यास?"

"सहा."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तांदळातला खडा दाखवतात तसं बोट काचेवर न टेकवता तिनं गोलाच्या अगदी डाव्या कडेशी नेलं, जिथं मला राखाडीशिवाय काहीच दिसलं नव्हतं.

"सात आहेत. ही बघ, पुसट आहे, पण आहे."

होती. मी भाच्याला लिहिलं, आईला सात दिसल्या. तिकडं तेव्हा घुमट झाडायची वेळ झाली असावी. उत्तर आलं नाही. बहिणीनं ताट पुढं ओढलं, चष्मा तसाच ठेवला, आणि म्हणाली, "अठ्ठाविसावा परत लाव."